साखळीतला युनिकॉर्न आहेरात द्यावा का? एका भित्तिपटाचं वाचन

गडद हिरव्या, जवळजवळ काळपट जमिनीवर फुलंच फुलं. वीतभर जागा मोकळी नाही. मधोमध लाकडी पट्ट्यांचं गोल, बुटकं कुंपण आणि त्यात पाय दुमडून बसलेला पांढराशुभ्र युनिकॉर्न. गळ्यात नक्षीदार पट्टा, पट्ट्याला सोनेरी साखळी, साखळीचं दुसरं टोक झाडाला. झाडाला डाळिंबं लागली आहेत. जनावराच्या पाठीपोटावर लाल ओघळ आहेत. आणि फुलांच्या वर, दोरीच्या गाठीत अडकवलेली दोन रोमन अक्षरं: ए आणि उलटी ई.

हे रंगवलेलं चित्र नाही, विणलेलं आहे. लोकर, रेशीम, चांदीचे आणि सोन्याचा मुलामा दिलेले धागे. उंची ३६८ सेंटिमीटर, रुंदी २५१.५, म्हणजे बारा फुटी भिंत झाकेल एवढा पट. काळ साधारण १४९५ ते १५०५. आराखडा बहुधा पॅरिसमध्ये काढला गेला आणि विणकाम दक्षिण नेदरलँड्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या परिसरात झालं. आज तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या क्लॉइस्टर्स या शाखेत आहे. तिथे युनिकॉर्नचे असे सात पट आहेत. बाकीच्यांत शिकारी, कुत्रे, भाले, झटापट, मृत्यू असं सगळं आहे. या एका पटात माणूस नाही, कुत्रा नाही, हत्यार नाही.

युनिकॉर्न म्हटलं की आता मुलींच्या दप्तरावरचा गुलाबी शिंगाचा घोडा डोळ्यांसमोर येतो. हा तसा नाही. याला बोकडासारखी दाढी आहे, खूर दुभंगलेले आहेत आणि शिंगाला पीळ आहे. हा पीळ नार्व्हाल नावाच्या समुद्री प्राण्याच्या सुळ्याचा. युरोपात तो सुळा 'युनिकॉर्नचं शिंग' म्हणून अफाट किमतीला विकला जाई. ओले वोर्म या डॅनिश वैद्याने १६३८ साली त्याचं खरं मूळ दाखवून दिलं. म्हणजे हा पट विणला गेला तेव्हा हे जनावर जगात कुठेतरी आहे, अशीच लोकांची समजूत होती. कुठे? तर मुळात आपल्याकडे. इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास इराणच्या दरबारात राहिलेला क्टेसियास हा ग्रीक वैद्य लिहून गेला की हिंदुस्थानात पांढऱ्या अंगाची, एका शिंगाची रानगाढवं असतात आणि त्या शिंगाच्या पेल्यातून प्यायल्यास विष बाधत नाही. स्वतः तो कधी हिंदुस्थानात आला नव्हता. ऐकीव गेंड्याचं आणि आणखी दोनचार जनावरांचं मिळून हे एक जनावर झालं असावं.

प्रश्न कसा आला

आमच्या चित्रवाचनाच्या गटात येणाऱ्या एक मावशी मुलाकडे न्यू जर्सीला गेल्या होत्या. तिथून क्लॉइस्टर्स पाहायला गेल्या आणि या पटाचं छापील चित्र घेऊन आल्या. भाचीच्या लग्नात आहेर म्हणून द्यायचं, असं त्यांच्या मनात होतं. फ्रेम झाली. ती पाहून त्यांच्या जाऊबाई म्हणाल्या, "अहो, लग्नात कुणी बांधलेलं जनावर देतं का? आणि अंगावर रक्त दिसतंय ते वेगळंच."

मावशी फ्रेम घेऊन गटात आल्या. "मला फुलं आवडली म्हणून घेतलं. आता तुम्हीच सांगा, हे शुभ की अशुभ?"

शुभाशुभाचा निकाल देणं आमचं काम नव्हतं. पण जाऊबाईंनी दोन अचूक जागी बोट ठेवलं होतं. या पटावर गेली ऐंशी-नव्वद वर्षं अभ्यासक लिहीत आले आहेत ते याच दोन गोष्टींभोवती: जनावर कैदेत आहे का, आणि ते लाल काय आहे. तेव्हा आम्ही आहेराचा प्रश्न बाजूला ठेवला आणि हे दोन आधी घेतले. फुलांकडे नंतर वळायचं ठरलं, कारण फुलांपासून सुरुवात केली की माणूस अर्थांच्या यादीत हरवतो.

कुंपण आणि साखळी

संग्रहालयाने आपलं छायाचित्र इंटरनेटवर मोकळं ठेवलं आहे. ते मोठं करून पाहिलं. पहिलंच लक्षात आलं ते कुंपणाची उंची. बसलेल्या जनावराच्या छातीपर्यंतसुद्धा ते धड येत नाही. उभं राहून एक झेप घेतली तर बाहेर. साखळी बारीक आहे, ताणलेली नाही, आणि तिची झाडाकडची पकडही फारशी पक्की वाटत नाही. संग्रहालयाचं म्हणणंही हेच: सुटायचं असतं तर तो सुटला असता.

मग कशासाठी बांधला? बारकाईने पाहिलं तर गळ्यातला पट्टा गुरांच्या दाव्यासारखा नाही, दागिन्यासारखा घडवलेला आहे. त्या काळच्या युरोपी प्रेमकाव्यात प्रियकर स्वतःला कैदी म्हणवून घेत असे आणि त्या कैदेचा त्याला अभिमान असे. तेराव्या शतकातला फ्रेंच लेखक रिशार द फूर्निव्हाल याने तर थेट युनिकॉर्नचीच उपमा घेतली: कुमारिकेच्या सुगंधाने गुंगून हे जनावर तिच्या मांडीवर झोपतं आणि पकडलं जातं, तशीच माझी गत झाली, असं तो म्हणतो. शिकाऱ्यांना आटोपत नाही ते जनावर एका मुलीपुढे आपणहून मान टाकतं, ही युनिकॉर्नची मूळ कथाच आहे. त्या कथेच्या उजेडात पाहिलं की बुटकं कुंपण ही विणकराची चूक उरत नाही. तो मुद्दा होतो.

इथे एक गंमत आहे. या पटाचं इंग्रजी नाव वर्षानुवर्षं 'कैदेतला युनिकॉर्न' अशा अर्थाचं होतं. आता संग्रहालय त्याला 'बागेत विसावलेला युनिकॉर्न' म्हणतं. पाचशे वर्षांपूर्वीच्या पटावर शीर्षक नव्हतंच. दोन्ही नावं आपल्या काळातली आहेत, आणि दोन्हींमध्ये एकेक निकाल आधीच देऊन टाकलेला आहे. मावशींच्या फ्रेमच्या मागच्या चिठ्ठीवर कोणतं नाव छापलं आहे यावरून त्यांच्या जाऊबाईंचं मत थोडं बदललं असतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

ते लाल

खरी जुंपली ती इथे. संग्रहालयाचा युक्तिवाद सरळ आहे. शिकारीच्या पटांत युनिकॉर्नला जखमा दिसतात, भाले खुपसलेले दिसतात, आणि जखमेच्या तोंडातून रक्त येतं. या पटात लाल ओघळांच्या वरच्या टोकाला जखम नाही. वर मात्र पिकून फुटलेली डाळिंबं आहेत. म्हणून हा रस. आणि दाण्यांनी गच्च भरलेलं डाळिंब हे त्या काळी विवाहाचं आणि संततीचं चिन्ह होतं.

आमच्या गटातला एक मुलगा सांगोल्याचा. घरची डाळिंबाची बाग. तो ऐकून घेत होता, मग म्हणाला, "सर, तडकलेल्या डाळिंबातून रस गळत नाही."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो म्हणाला, पाणी कमीजास्त झालं, दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गारठा यांत फार फरक पडला, बोरॉन कमी पडलं की फळ तडकतं. बहार धरल्यापासून शेतकऱ्याला त्याचीच धास्ती. पण तडकलेलं फळ हातात घेतलं तर आतले दाणे कोरडे असतात. प्रत्येक दाण्याला आपलं स्वतःचं आवरण असतं. ते फुटल्याशिवाय रस येत नाही. पाखरांनी चोची मारल्या, मुंग्या-माश्या लागल्या तर थोडं ओलं होतं. ओघळ यायला दाणे चिरडावे लागतात. "आणि डाग पडला तर तो असा लालभडक राहत नाही. काळपट तपकिरी होत जातो. आईला विचारा."

हा आक्षेप मला फार मोलाचा वाटला. पण त्याने 'रस नव्हे, रक्तच' हे सिद्ध होतं का? नाही. सिद्ध होतं ते एवढंच की पटाचा आराखडा करणाऱ्याने बागेत उभं राहून हे चित्र काढलेलं नाही. पॅरिसच्या चित्रकाराला डाळिंब ठाऊक असणार ते बाजारातून, कापडावरच्या नक्षीतून आणि बायबलमधून. त्याला 'फुटलेलं, ओसंडणारं फळ' दाखवायचं होतं. त्याच्या चित्रात फळ ओसंडतं. सांगोल्यात ते नुसतंच उकलतं आणि बाजारात भाव पडतो.

आमच्यातल्या दोघांनी मात्र शेवटपर्यंत मान्य केलं नाही. त्यांचं म्हणणं, पांढऱ्या अंगावर लाल ओघळ काढणाऱ्याला पाहणाऱ्याच्या मनात आधी रक्तच येईल हे कळत नव्हतं का? तेही शेजारच्या पटांत इतकं रक्त दाखवल्यावर? मला हा मुद्दा टाळण्यासारखा वाटत नाही. माझं मत असं झालं की ओघळ रसाचे आहेत, पण रक्ताची आठवण राहावी अशी योजना आहे. शिकार झाली होती; आता त्या जागी फळ आहे. ही दुहेरी खूण पुसून एकच अर्थ ठेवायला गेलं तर पट पातळ होतो.

फुलं

आता मावशींची फुलं. सातही पटांत मिळून १०१ प्रकारच्या वनस्पती असल्याची आणि त्यांतल्या ८५ ओळखता आल्याची मोजदाद न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानातल्या दोन अभ्यासकांनी १९४१ साली मांडली. पाचशे वर्षांपूर्वीच्या विणकामात इतक्या वनस्पती ओळखू याव्यात हीच थक्क करणारी गोष्ट. पण ओळख पटणं वेगळं आणि अर्थ लागणं वेगळं.

गटातल्या एकीने मोबाइलवर 'फुलांची भाषा' शोधली आणि धडाधड वाचायला लागली: अमुक म्हणजे निष्ठा, तमुक म्हणजे मत्सर. तिला तिथेच थांबवलं. फुलांच्या अर्थांचे हे कोश एकोणिसाव्या शतकातले. त्यांची लाट फ्रान्समध्ये १८१९ च्या सुमाराला उठली. पट त्याच्या तीनशे वर्षं आधीचा. पुढच्या काळातला कोश मागच्या काळातल्या चित्राला लावणं हा या प्रांतातला सर्वांत मोठा घोटाळा आहे, आणि इंटरनेटवरचे निम्मे खुलासे त्यावरच उभे असतात.

मग धरायचं काय? एखाद्या फुलाला अर्थ द्यायचा तर आम्ही तीन गोष्टी मागितल्या. फूल खात्रीने ओळखता यावं. तो अर्थ तेव्हा चालू असल्याचं त्या काळच्या किंवा त्याआधीच्या लेखनातून दिसावं. आणि विणणाऱ्याने ते फूल नजरेत भरेल असं ठेवलेलं असावं.

या तिन्ही चाळण्यांतून सहज पार पडतं ते रानटी ऑर्किड. जांभळ्या तुऱ्याचं हे झुडूप युनिकॉर्नच्या पांढऱ्या अंगावर ठसठशीत उठून दिसतं. गर्दीत कुठेतरी भरलेलं नाही. त्याच्या मुळाशी जोडीने दोन गोल कंद असतात, आणि त्यांच्या आकारावरून त्याचं ग्रीक नाव पुरुषाच्या वृषणांवरून पडलेलं आहे. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने नोंदवलंय की मोठा कंद पुरुषाने खाल्ला तर मुलगा होतो आणि लहान कंद बाईने खाल्ला तर मुलगी, असं लोक मानतात. त्याचा ग्रंथ मध्ययुगात युरोपभर प्रमाण मानला जाई. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात सालममिश्री मिळते, शक्तिवर्धक म्हणून दुधातून घेतात, बाळंतिणीच्या लाडवांतही काही जण घालतात, ती ऑर्किडच्याच कंदांची. तेव्हा हा समज काही दूरदेशीचा नाही.

दुसरी वनस्पती बिस्टॉर्ट. गुलाबी, बाटली घासायच्या ब्रशसारखा तुरा. ही गर्भधारणेला मदत करते असं मध्ययुगात मानत. तिसरं काटेरी थिसल, ज्याच्या पानांवर पांढऱ्या शिरा असतात. त्या शिरा म्हणजे येशूची आई मेरी हिच्या दुधाचे थेंब अशी लोककथा आहे. एकाच झाडात औषध आणि भक्ती. संग्रहालय थिसललाही संततीच्या रांगेत बसवतं. मी त्याला सीमेवरचं मानतो.

कार्नेशन हे फूल त्या काळच्या फ्लेमिश व्यक्तिचित्रांत हातात धरलेलं दिसतं आणि ते साखरपुड्याशी जोडलं जातं. पांढरी लिली मेरीच्या कौमार्याची. दोन्ही या पटात आहेत.

आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात, व्हायलेटच्या फुलांत, एक बेडूक. छापील चित्रात तो दिसतच नाही. मोठं केल्यावर सापडतो. बेडूक का? मध्ययुगीन लेखकांनी त्याच्या विणीच्या हंगामातल्या गोंगाटाचा उल्लेख केलेला आहे, म्हणून तोही संततीच्या बाजूने साक्ष देतो असं संग्रहालय म्हणतं. आपल्याकडे बेडूक काठीला बांधून, कडुलिंबाचा पाला अंगाला लावून 'धोंडी धोंडी पाणी दे' म्हणत दारोदार फिरायचे ते पावसासाठी. प्राणी तोच, ओरडणंही तेच, पण आपण त्यातून पाऊस ऐकला आणि त्यांनी मीलन. गटात जिला धोंडी माहीत होती ती पहिल्याच झटक्यात म्हणाली होती, "बेडूक म्हणजे पाऊसपाणी, समृद्धी." अर्थ सुंदर आहे, पण या पटाचा नाही.

एवढं झाल्यावर एका शिक्षिकेने विचारलं, "म्हणजे या पटात विवाहाचा संदेश फुलाफुलांत लपवलाय?" मला 'लपवलाय' खटकलं. एकतर काही लपलेलं नाही. सवाष्णीची ओटी भरताना नारळ, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम घालतो तेव्हा आपण संततीचा गुप्त संदेश पाठवत नसतो. जे मंगल मानलं जातं ते भरभरून देत असतो, आणि अर्थ विचारला तर कुणीही सांगतं. ही फुलं त्या जातीची आहेत.

दुसरं कारण अधिक रोकडं आहे. अशा 'हजार फुलांच्या' पटांत फुलं कोण ठरवत असे? ब्रुसेल्समध्ये चित्रकारांचा संघ आणि विणकरांचा संघ यांच्यात यावरून वाद झाला आणि १४७६ साली तो मिटला तो असा: माणसांच्या आकृत्यांचे आराखडे चित्रकारांनीच काढायचे, पण झाडं, गवत, प्राणी वगैरे विणकर स्वतःच्या हाताने भरू शकतात. आपला पट ब्रुसेल्सचाच, असा दावा मी करत नाही. पण त्या भागातली कामाची पद्धत यातून कळते. कारागिरांकडे फुलांचे नमुने तयार असत, ते पुन्हापुन्हा वापरले जात, मोकळी जागा दिसली की फूल. तेव्हा शंभर फुलांपैकी प्रत्येकाला मालकाने अर्थ ठरवून जागा दिली, असं मानणं अवघड आहे. ऑर्किडसारखी मोजकी झाडं मुद्दाम पुढे आणलेली वाटतात. उरलेली बाग भरण्यासाठी आहेत, आणि बाग भरलेली असणं हेही कामाचंच आहे.

दुसरं वाचन, जे सोडून चालत नाही

ख्रिस्ती परंपरेत युनिकॉर्न म्हणजे ख्रिस्त. 'फिजिओलॉगस' या प्राचीन ग्रीक प्राणिग्रंथात कुमारिकेच्या मांडीवर येणारा युनिकॉर्न हा मेरीच्या उदरी आलेल्या ख्रिस्ताचं रूप म्हणून सांगितलाय. या वाचनानुसार शिकार म्हणजे ख्रिस्ताच्या यातना आणि हा शेवटचा पट म्हणजे पुनरुत्थान: मेलेला युनिकॉर्न इथे जिवंत बसला आहे. बंदिस्त बाग हे मेरीच्या कौमार्याचं जुनं चिन्ह. ते बायबलमधल्या 'गीतरत्ना'च्या चौथ्या अध्यायातून आलं, आणि तिथे बंद बागेच्या लगेच पुढच्या ओळीत डाळिंबंही आहेत. इतर पटांत याला आधार सापडतात. एका शिकाऱ्याच्या म्यानावर मेरीच्या स्तुतीचे लॅटिन शब्द विणलेले आहेत, म्हणून त्याला देवदूत गॅब्रिएल मानतात. मृत युनिकॉर्न किल्ल्याकडे नेतात त्या पटात त्याच्या गळ्याशी काटेरी फांद्यांचं कडं आहे, ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटाची आठवण देणारं.

म्हणजे वाचन हवेतलं नाही. पण त्याचा सगळा भार क्रमावर आहे. हा पट सातांतला शेवटचा असेल, तरच तो पुनरुत्थान. आणि हे सात मुळात एकाच मालिकेचे होते का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. हा पट आणि शिकारी जंगलात शिरतात तो पट, हे दोनच फुलांच्या जमिनीवर विणलेले आहेत. बाकीच्यांत निसर्गदृश्यं, इमारती, गर्दी आहे. मालिका नंतर जुळवली गेली असेल, तर हा पट एकटा उभा राहतो, आणि एकटा उभा राहिला की त्यात विवाह स्पष्ट दिसतो, पुनरुत्थान मात्र बाहेरून आणावं लागतं.

तरी एक सांगतो. त्या काळच्या माणसाला या दोहोंत निवड करावीशी वाटली असती असं नाही. चर्चमध्ये लागणाऱ्या लग्नात देहाचं प्रेम आणि देवाचं प्रेम एकाच शब्दांत सांगितलं जाई. 'गीतरत्न' तर मुळात प्रेमगीतच. आपल्या विराण्या-गवळणी कानावर असलेल्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

आहेराचा निकाल

तर मावशींना आम्ही असं सांगितलं: पट लग्नाला चालतो, किंबहुना लग्नाशी जोडण्याइतके पुरावे यात दुसऱ्या कशाचेच नाहीत. जनावर बांधलेलं आहे, पण त्याच्या मनाविरुद्ध नाही. लाल ओघळ डाळिंबाचे मानायला आधार आहे. फुलांतली जी खात्रीने वाचता येतात ती संततीच्या आणि साखरपुड्याच्या बाजूची आहेत.

जाऊबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. कुंपण त्यांना पटलं. मग म्हणाल्या, "तुमचं बरोबर असेल हो. पण ज्या चित्राचा खुलासा मागे चिकटवून द्यावा लागतो, ते हॉलमध्ये लावल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला किती वेळा सांगत बसायचं त्या पोरीने?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हतं, आणि मला त्यांचं म्हणणं रास्तच वाटतं. १५०० सालच्या घरात हा खुलासा लागला नसता. चिन्हाचा अर्थ चित्रात नसतो तेवढा पाहणाऱ्यांच्या सामायिक ओळखीत असतो. ती ओळख आता उरलेली नाही. मावशींनी चित्र दिलंच. मागे चिकटवायला आम्ही अर्ध्या पानाचा मजकूर लिहून दिला.

अक्षरांचं काय

मजकुरात शेवटपर्यंत अडलं ते ए आणि उलट्या ईपाशी. ही जोडी या पटात आहे आणि इतर पटांतही पुन्हापुन्हा येते, तेव्हा ती मालकाची किंवा वधूवरांची असणार हे उघड. १९४२ साली याच संग्रहालयाचे अभ्यासक जेम्स रॉरिमर यांनी मांडलं की हे पट ब्रिटनीची अ‍ॅन आणि फ्रान्सचा राजा बारावा लुई यांच्या १४९९ सालच्या लग्नासाठी विणले गेले. आधार असे: अ‍ॅनच्या नावाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर ए आणि ई, आणि गाठी मारलेली दोरी हे तिचं आवडतं चिन्ह. ऐकायला झकास. पण मार्गारेट फ्रीमन यांनी १९७६ मध्ये या पटांवर सविस्तर लिहिताना हे मान्य केलं नाही, आणि आज बहुतेक अभ्यासक ते धरत नाहीत. दोरीत गुंफलेली आद्याक्षरं तेव्हा कितीतरी घराण्यांत चालत, आणि राजाराणीचा पट म्हटलं तर त्यांची ठळक राजचिन्हं इथे दिसायला हवी होती.

कागदोपत्री हे पट पहिल्यांदा भेटतात ते १६८० साली, पॅरिसमध्ये ला रोशफुको घराण्याच्या मालमत्तेच्या यादीत. म्हणजे विणल्यानंतर जवळपास पावणेदोनशे वर्षांनी. १७२८ च्या यादीत ते याच घराण्याच्या व्हर्त्योय इथल्या गढीत आहेत: पाच मोठ्या शयनगृहात, दोन चॅपेलजवळच्या, म्हणजे घरातल्या प्रार्थनागृहाजवळच्या दालनात. शयनगृह आणि चॅपेल ही वाटणी दोन्ही वाचनांना एकेक पुरावा दिल्यासारखी वाटते, पण इतक्या उशिराच्या मांडणीवरून मूळ हेतू काढता येत नाही. १७९३ मध्ये फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत पट लुटले गेले आणि पुढची काही दशकं शेतकऱ्यांनी ते बटाट्यांवर आणि फळझाडांवर थंडीपासून झाकण म्हणून घातले. १८५० च्या दशकात ते परत मिळाले. १९२२ साली जॉन डी. रॉकफेलर ज्युनिअर या अमेरिकी धनिकाने त्यांतले सहा विकत घेतले, १९३७ मध्ये संग्रहालयाला दिले, आणि पुढच्या वर्षी क्लॉइस्टर्स उघडलं.

१९९८ मध्ये धुलाईसाठी मागचं अस्तर काढलं तेव्हा उलट्या बाजूचे रंग जवळजवळ ताजे निघाले. हे पट तीन वनस्पतींच्या रंगांवर उभे आहेत: वेल्डचा पिवळा, मंजिष्ठेच्या कुळातल्या मॅडरचा लाल, वोडचा निळा. हिरवा रंग निळ्यावर पिवळा चढवून केलेला, आणि वेल्ड उजेडात उडतो. म्हणून पुढच्या बाजूची पानं आज मुळात होती त्यापेक्षा निळसर दिसतात. मावशींच्या चित्रातली ती गूढ, निळी-काळी बाग मूळची हिरवीगार होती. आमच्यातल्या एकाने त्या अंधाऱ्या रंगातून 'रात्र, विरह' असा अर्थ काढला होता. तो मजकुरातून खोडला.

अक्षरांविषयी मजकुरात एकच ओळ राहिली: ए आणि ई ही बहुधा त्या जोडप्याची किंवा घराण्याची खूण आहे, कोणाची ते ठरलेलं नाही. भाचीचं नाव ए वरून आणि जावयाचं ई वरून सुरू होतं का, असं सांगोल्याच्या मुलाने विचारलं. नाही, मावशी म्हणाल्या, आणि मजकुराखाली सही केली.